बाईक इंजिनाच्या किट कारसाठी इंजिन ऑइल: उष्ण हवेत ग्रेड ठरवायचा कसा

"हवा एवढी तापते, मग सरळ २०डब्ल्यू-५० ओतून टाकू का?" बाईकचं इंजिन किट कारमध्ये, म्हणजे सुटे भाग जोडून स्वतः बांधलेल्या गाडीत, बसवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. मलाही पडला होता, आणि मी ते दाट ग्रेडचं ऑइल ओतलंही होतं. प्रेशर गेजचा काटा वर गेलेला बघून छाती फुगली. ऑइलचं तापमान मात्र होतं तिथेच राहिलं, कारण ते किती आहे आणि का आहे हे मी आधी पाहिलंच नव्हतं.

म्हणून या लेखात ग्रेड सगळ्यात शेवटी येतो. आधी इंजिनावर काय गुजरतं ते पाहू, मग मोजमाप, मग डबा वाचणं. फार घाईत असाल तर बाकी काहीही वगळा, मोजमाप वगळू नका.

तेच इंजिन, पण गाडीत हाल वेगळे

हायाबुसा, आर१, फायरब्लेड, झेडएक्स-१२आर या मोठ्या जपानी बाईकपैकी कुठल्याहीचं इंजिन घ्या. एकाच चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं) ऑइल तीन नोकऱ्या करतं. क्रँक, पिस्टन आणि कॅमशाफ्टला ते वंगण देतं, गिअरबॉक्सचे दाते भिजते ठेवतं आणि वेट क्लचच्या, म्हणजे ऑइलात भिजलेल्या क्लचच्या, प्लेटांमधून फिरतं. साध्या कारमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं आणि क्लच कोरडा असतो. त्यामुळे कारचं इंजिन ऑइल बनवणाऱ्याला क्लचची चिंता नसते, उलट घर्षण जितकं कमी करता येईल तितकं बरं. आपल्याला बेअरिंगमध्ये घर्षण नको असतं आणि क्लचमध्ये हवं असतं, आणि तेही त्याच एका ऑइलमध्ये.

आता वजन बघा. बाईक आणि स्वार मिळून तीनशे-सव्वातीनशे किलो भरतात. हलकी किट कार चालकासह पाचशे-सहाशेच्या घरात जाते. बाईक सरळ रस्त्यावर सहज पळताना इंजिनाच्या ताकदीचा छोटासा वाटा वापरते. कारला उघडी चाकं, रुंद टायर आणि सपाट नाक घेऊन त्याच वेगाने जायला कितीतरी जास्त ताकद लागते. शिवाय टॉप गिअरमध्येही इंजिन बरेचदा सहा-सात हजार आरपीएमवर फिरत राहतं. जास्त इंधन जळतं, जास्त उष्णता तयार होते, आणि त्यातला मोठा हिस्सा ऑइलच्या अंगावर येतो.

बाईकवर इंजिन वाऱ्यात उघडं असतं. कारमध्ये ते बॉनेटखाली कोंडलेलं असतं आणि शेजारून एक्झॉस्टचे पाइप जातात. चेंबरवरून वाहणारी हवा, जी बाईकमध्ये फुकटचा कूलर होती, ती इथे मिळत नाही.

आणि एक गोष्ट जी पहिल्या भेटीत कोणी सांगत नाही. बाईक वळणावर कलते. त्यामुळे गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा जोर यांची बेरीज इंजिनाच्या उभ्या रेषेतच राहते आणि चेंबरमधलं ऑइल जागच्या जागी असतं. कार कलत नाही. एक जी जोराच्या वळणावर, म्हणजे बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला की, ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी तिरका होतो आणि पंप जिथून ऑइल ओढतो ती पिकअपची चाळण उघडी पडू शकते. लोटस सेव्हनच्या धर्तीवर बांधलेल्या, पुढे इंजिन असलेल्या गाडीत तर इंजिन ९० अंशांत फिरवून बसवलेलं असतं, कारण बाईकची आडवी आउटपुट शाफ्ट मागे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला जोडायची असते. म्हणजे बाईकचं पुढे-मागे ते गाडीचं डावं-उजवं झालं. इंजिन मागे आणि चेनने चाकं, अशी मांडणी असेल तर इंजिन बाईकसारखंच बसतं, पण मग वळणाचा जोर नेमका त्या दिशेने येतो ज्या दिशेने बाईकमध्ये तो कधीच येत नव्हता. त्यात जमिनीपासूनची उंची मिळवायला आपण चेंबर कापून उथळ केलेलं असतं. आगीत तेल म्हणतात ते हेच, फक्त इथे तेल कमी पडतं.

याचा निवडीशी संबंध असा: चाळणीत हवा गेली तर कुठल्याही ग्रेडचं, कितीही महागडं ऑइल बेअरिंग वाचवू शकत नाही. चेंबरमध्ये आडवे पडदे आणि एकाच बाजूने उघडणाऱ्या झडपा बसवल्या आहेत का, ड्राय संप (ऑइल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणारी मांडणी) आहे का, किंवा निदान प्रेशर पडताच साठवलेलं ऑइल आत सोडणारी टाकी आहे का, हे आधी पाहा. नसेल तर ऑइलवर खर्च करायचे पैसे तिकडे वळवा.

पायरी पहिली: तापमान आणि प्रेशर मोजा

बाईकच्या डॅशवर पाण्याचं तापमान दिसतं आणि ऑइलसाठी फक्त एक लाल दिवा असतो. तो दिवा लावणारा स्विच फार कमी प्रेशरला चालू होतो, साधारण अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहूनही खाली. नऊ हजार आरपीएमवर प्रेशर पाचवरून एक बारवर आलं तरी दिवा गप्प असतो. तो पेटेपर्यंत बेअरिंगचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून दोन सेन्सर हवेतच.

तापमानाचा सेन्सर चेंबरमध्ये बसवा. कूलर असेल तर कूलरच्या आधीचं तापमान मोजलं जायला हवं. परतीच्या नळीवर सेन्सर बसवला की आकडा गोड दिसतो, पण तो कूलरचं कौतुक असतं, इंजिनाची तब्येत नव्हे. चेंबरच्या ड्रेन बोल्टमध्येच बसणारे सेन्सर मिळतात, पण उथळ चेंबर असेल तर खाली लोंबणाऱ्या वायरला दगड लागणार हे गृहीत धरा. प्रेशरचा सेन्सर मुख्य गॅलरीवर (बेअरिंगना ऑइल पोचवणाऱ्या मुख्य वाटेवर), म्हणजे फिल्टरच्या नंतर हवा. फिल्टरच्या आधी बसवला तर फिल्टर तुंबत आला तरी काटा दिमाखात उभा राहतो.

मग गाडी नेहमी जशी चालवता तशी वीस-पंचवीस मिनिटं चालवा. पाणी लवकर तापतं, ऑइलला वेळ लागतो. पाच मिनिटांत घेतलेला आकडा काही सांगत नाही. तापमान चढायचं थांबून स्थिर झालं की ते लिहून ठेवा, आणि त्याच वेळी बाहेरच्या हवेचं तापमानही लिहा. दुसरा आकडा बहुतेक जण विसरतात आणि तोच कामाचा असतो.

का ते सांगतो. कूलर किंवा चेंबर जी उष्णता बाहेर टाकतं ती ऑइल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. गाडी तशीच चालवली आणि हवा १५ अंशांनी जास्त तापलेली असली, तर ऑइलही जवळपास तितकंच वर जाऊन थांबतं. म्हणजे सकाळी २६ अंशांच्या हवेत ऑइल ११२ वर स्थिर झालं असेल, तर ४१ अंशांच्या दुपारी १२७ च्या आसपासची तयारी ठेवा. हा नेमका हिशेब नाही, पण रणरणत्या दुपारी इंजिन पणाला न लावता अंदाज येतो. ऑइल पाण्याने थंड करणारा छोटा एक्स्चेंजर फिल्टरच्या बुडाशी असेल, तर गणित थोडं बदलतं. तिथे ऑइलचं नशीब पाण्याशी बांधलेलं असतं, आणि रेडिएटर कमी पडला की दोघंही एकत्र वर जातात.

मिळालेल्या आकड्यांचा माझा अर्थ असा. ९० ते ११० अंश म्हणजे उत्तम. १२५ पर्यंत चांगलं सिंथेटिक ऑइल तग धरतं, फक्त लवकर बदलावं लागतं. १३० च्या वर सतत जात असेल तर तो थंड करण्याचा प्रश्न आहे. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की ऑइल खराब होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, हे ध्यानात ठेवलं की दहा-पंधरा अंशांसाठी एवढा आटापिटा का करायचा ते कळतं. उलट ८० च्या खालीही खूश होऊ नका. तेवढ्या तापमानात ऑइलमधला ओलावा आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही.

पायरी दुसरी: डब्यावर आधी क्लच शोधा

डबा हातात घेतला की ठळक अक्षरातला ग्रेड सोडा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. शोधायचं आहे ते जासो एमए किंवा एमए२. हे जपानी वाहन मानक खास चार-स्ट्रोक मोटरसायकलींसाठी १९९८ साली आलं. कारच्या ऑइलमधल्या इंधन वाचवणाऱ्या घटकांमुळे बाईकचे क्लच घसरायला लागले होते, हे त्यामागचं कारण. ऑइलमध्ये क्लचची पकड किती राहते हे मोजून त्याचा वर्ग ठरतो. एमबी म्हणजे कमी घर्षणाचं, ते कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी ठीक, आपल्याला वर्ज्य. एमए मध्ये पुढे २००६ साली एमए१ आणि एमए२ असे दोन भाग झाले. त्यात एमए२ ची पकड जास्त.

किट कारसाठी मी एमए२ च घ्या म्हणेन. बाईकच्या क्लचला आपण दुप्पट वजन ओढायला लावतो आहोत. चढावर गाडी उचलताना, ट्रॅफिकमध्ये रांगताना त्याची परीक्षा असते. बऱ्याच जणांनी आधीच कडक स्प्रिंग टाकलेल्या असतात, पण स्प्रिंगने मिळवलेलं ऑइलने घालवायचं कशाला?

डब्यावर नुसतं "बाईकसाठी योग्य" लिहिलेलं असणं वेगळं, आणि नोंदणी क्रमांक व वर्ग असलेली जासोची छोटी चौकट छापलेली असणं वेगळं. चौकट असलेलं घ्या.

पुढे एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) गोल शिक्का बघा. वरच्या अर्ध्यात वर्ग असतो: एसएल, एसएम, एसएन, एसपी वगैरे. मधे ग्रेड. खालच्या अर्ध्यात "रिसोर्स कन्झर्व्हिंग" किंवा जुन्या डब्यांवर "एनर्जी कन्झर्व्हिंग" असे शब्द दिसले तर डबा परत फळीवर ठेवा. ते कारचं इंधन वाचवणारं ऑइल आहे आणि त्यातले घर्षण कमी करणारे घटक क्लच प्लेटांवर बसतात. शिक्क्याचा खालचा भाग रिकामा हवा.

नवीन एपीआय वर्ग म्हणजे आपोआप चांगलं, असंही नाही. कारमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर टिकावा म्हणून ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांपर्यंत मर्यादित केला गेला. फॉस्फरस येतो झिंकच्या झीजरोधक घटकातून, आणि गिअरचे दाते व कॅमच्या टोकांना तोच घटक वाचवतो. जासोच्या बाईक मानकात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के असावा लागतो. कारच्या ऑइलला जिथे कमाल मर्यादा, तिथे आपली किमान मर्यादा सुरू होते.

डिझेलच्या १५डब्ल्यू-४० बद्दल हमखास विचारलं जातं. स्वस्त असतं, साफ ठेवणारे घटक भरपूर असतात, आणि काही डब्यांवर जासो एमए लिहिलेलंही सापडतं. लिहिलेलं असेल तर वापरायला हरकत नाही. नसेल तर "अमुक जण पाच वर्षं वापरतो आहे" या भरवशावर क्लच पणाला लावू नका.

पायरी तिसरी: आकड्यांचा खरा अर्थ

१०डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज फिरतं ते सांगतो. १०डब्ल्यू ची चाचणी उणे २५ अंशांवर होते, १५डब्ल्यू ची उणे २०, २०डब्ल्यू ची उणे १५. तुमच्याकडे पारा दहाच्या खालीसुद्धा जात नसेल तर ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू साठी जादा पैसे मोजून हाती काही लागत नाही.

नुसतं हाती लागत नाही एवढंच नाही, तोटाही होऊ शकतो. दोन आकड्यांमधलं अंतर जितकं मोठं, तितके ऑइलमध्ये दाटपणा टिकवणारे पॉलिमर साधारणपणे जास्त घालावे लागतात. हे पॉलिमर म्हणजे लांबलचक रेणू, आणि गिअरबॉक्सचे दाते त्यांचे तुकडे पाडतात. कारमध्ये हा त्रास कमी, कारण तिथे इंजिन ऑइल गिअरमधून जातच नाही. आपल्याकडे ते रोज दळलं जातं. काही हजार किलोमीटरनंतर डब्यावरचं ५० प्रत्यक्षात ४० उरलेलं असतं. म्हणून उष्ण हवेत ५डब्ल्यू-५० पेक्षा १५डब्ल्यू-५०, आणि ०डब्ल्यू-४० पेक्षा १०डब्ल्यू-४० मला जवळचं वाटतं.

दुसरा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. हे ग्रेड ठरवणाऱ्या एसएई या अमेरिकन संस्थेच्या तक्त्यात ३० ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३ आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्स. पट्टे रुंद आहेत. पट्ट्याच्या वरच्या टोकाचं ४० आणि खालच्या टोकाचं ५० यात नावापुरता फरक असतो. त्यामुळे कंपनीचा माहिती-तक्ता उघडून १०० अंशांचा नेमका आकडा बघावा.

तिथेच एचटीएचएस नावाचा आकडा मिळाला तर सोन्याहून पिवळं. १५० अंशांवर आणि प्रचंड घुसळणीत ऑइल किती दाट राहतं, म्हणजे बेअरिंगमधली खरी परिस्थिती, ते हा आकडा सांगतो. किमान मर्यादा १०डब्ल्यू-४० साठी ३.५ आणि १५डब्ल्यू-४० साठी ३.७ आहे. गंमत म्हणजे ५० ग्रेडसाठीही किमान मर्यादा ३.७ च आहे. चांगली ५० ग्रेडची ऑइलं त्याच्या बरीच वर असतात, पण नुसत्या "५०" या शब्दावर ते गृहीत धरता येत नाही.

आता मूळ प्रश्न. ४० वरून ५० वर गेलं की नक्की काय मिळतं? १०० अंशांवर १४ सेंटिस्टोक्स असलेलं एक नमुनेदार १०डब्ल्यू-४० आणि १८ असलेलं एक १५डब्ल्यू-५० घेऊन मी हिशेब मांडला. दुसरं ऑइल १३० अंशांवर जितकं दाट असतं, तितकं पहिलं सुमारे ११७ अंशांवर असतं. म्हणजे एक ग्रेड वाढवला की साधारण बारा-तेरा अंशांची सूट मिळते. त्याहून जास्त नाही. ऑइल १२० वर स्थिर होत असेल तर ही सूट मोलाची आहे. ते १४५ वर जात असेल तर ५० ने काही साधणार नाही, कारण ऑइल तरीही त्याच वेगाने जळून काळं पडणार, सील कडक होणार आणि पिस्टन रिंगांच्या खाचांत काजळी बसणार.

मग थेट ६०? ते करू नका. दाट ऑइल चेंबरमध्ये परतायला वेळ लावतं. सतत उच्च आरपीएमवर हेडमध्ये ऑइल साचून राहतं आणि खाली पिकअपपाशी पातळी घटते, जी वळणावर आधीच डळमळीत असते. त्यात अडकलेले हवेचे बुडबुडेही उशिरा सुटतात. पंपाला जोर जास्त लागतो, आणि पंपाने ढकललेल्या ऑइलपैकी बरंचसं रिलीफ व्हॉल्व्हमधून (जादा प्रेशर सोडून देणाऱ्या झडपेतून) परत चेंबरमध्ये येतं. गेजवर प्रेशर दिसतं, पण प्रेशर म्हणजे प्रवाह नव्हे. माझा २०डब्ल्यू-५० चा आनंद याच गैरसमजातून आला होता.

बेस ऑइलबद्दल, म्हणजे ज्यात बाकीचे घटक मिसळतात त्या मूळ तेलाबद्दल, थोडक्यात: उष्णतेत खनिज ऑइल लवकर थकतं, पूर्ण सिंथेटिक जास्त टिकतं. सिंथेटिकमुळे क्लच घसरतो ही जुनी समजूत चुकीची आहे. क्लच घसरतो तो घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे, आणि ते खनिज ऑइलमध्येही असू शकतात. एस्टरयुक्त रेसिंग ऑइलं उत्तम असतात, पण त्यांतली काही फक्त रेससाठी, म्हणजे थोड्या तासांत बदलण्यासाठी बनवलेली असतात. ती रस्त्यावर महिनोन्महिने ठेवायची नसतात.

पायरी चौथी: निवड

इंजिनाचं मूळ मॅन्युअल उघडा. त्यात बहुधा हवेच्या तापमानानुसार चालणाऱ्या ग्रेडचा पट्ट्यांचा तक्ता सापडेल. मोठ्या जपानी चार-सिलिंडर इंजिनांच्या तक्त्यांत १०डब्ल्यू-४० नेहमी दिसतं, आणि अनेकदा १५डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-५० हे गरम हवेसाठी दिलेलं असतं. तक्त्याबाहेर जाऊ नका, अपवाद एकच. अलीकडच्या काही इंजिनांना १०डब्ल्यू-३० सांगितलेलं असतं. तिथे किट कारसाठी एक पायरी वर जाऊन १०डब्ल्यू-४० घेणं मला शहाणपणाचं वाटतं, पण थेट ५० वर उडी नको, कारण त्या इंजिनाच्या बेअरिंगमधल्या फटी पातळ ऑइल धरून ठरवलेल्या असतात.

तुमच्या मोजलेल्या, म्हणजे सगळ्यात गरम दिवसासाठी वाढवून घेतलेल्या तापमानावर ठरवा. ११० च्या आत असेल तर मॅन्युअलमधलं १०डब्ल्यू-४०, सिंथेटिक, एमए२. विषय संपला. उष्ण हवा आहे म्हणून त्याहून दाट घ्यायचं कारण नाही, कारण बेअरिंगला बाहेरची हवा कळत नाही, ऑइलचं तापमान कळतं. ११० ते १२५ मध्ये असेल तर मॅन्युअल परवानगी देत असल्यास १०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-५०, चांगल्या एचटीएचएस चं. १२५-१३० च्या पुढे असेल तर ऑइल विकत घेणं थांबवा आणि कूलरकडे या.

कूलर आधीच असेल तर बरेचदा दोष जागेचा असतो. रेडिएटरच्या मागे लावलेला कूलर गरम हवा खातो. रेडिएटरच्या पुढे लावला तर पाणी तापतं. शक्य असेल तर त्याला स्वतंत्र तोंड द्या, आणि हवा कूलरला बगल देऊन निसटणार नाही असा पत्र्याचा मार्ग करा. मागून हवा बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर पुढून कितीही मोठं भोक पाडलं तरी उपयोग नाही. बॉनेटखालची कोंडलेली गरम हवा बाजूंनी बाहेर काढली आणि एक्झॉस्टला उष्णतारोधक पट्टी गुंडाळली, तर त्यानेही फरक पडतो. हे आधी करून बघा, कारण खर्च कमी आहे. मोठा कूलर बसवाल तेव्हा ८० अंशांच्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट सोबत घ्या, म्हणजे सकाळच्या गारव्यात ऑइल ७० वरच अडकून राहणार नाही.

पायरी पाचवी: भरताना

बाईकचं पातळी दाखवणारं काचेचं भिंग बाईक सरळ उभी असताना वाचायचं असतं. गाडीत इंजिन थोडं तिरकं बसलेलं असेल, आणि बरेचदा असतंच, तर ते भिंग खोटं बोलतं. चेंबर कापलेलं असेल तर आणखीच. त्यामुळे आपली खूण आपणच करायची. चेंबर बनवणाऱ्याने सांगितलेलं माप, अधिक फिल्टर, कूलर आणि नळ्यांमध्ये मावणारं ऑइल, असं मोजून ओता. इंजिन चालवून गरम करा, बंद करून सपाट जागेवर ठराविक मिनिटं थांबा आणि मग भिंगावर किंवा डिपस्टिकवर रेघ मारा. पुढे दर वेळी तेवढीच मिनिटं थांबून बघायचं.

वळणावर ऑइल कमी पडतं म्हणून अर्धा लिटर जादा भरण्याची पद्धत आहे. थोडं जादा चालून जातं. फार झालं की क्रँक ऑइलमध्ये बुडते, फेस होतो, फेसात हवा असते आणि आपण पुन्हा जिथून निघालो तिथेच येतो. शिवाय ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल एअरबॉक्समध्ये जातं. ब्रीदरला कॅच टँक, म्हणजे हे ऑइल अडवणारी छोटी टाकी, लावा, आणि दर फेरीनंतर त्यात किती जमलं ते बघा.

कूलर नवीन बसवला असेल किंवा चेंबर उघडलं असेल तर थेट स्टार्ट करू नका. स्पार्क प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद ठेवून, स्टार्टरने थोडं थोडं फिरवा. काटा हलेपर्यंत धीर धरा, आणि स्टार्टर तापू नये म्हणून मधे थांबा.

फिल्टर बाईकचाच घ्या. आटे जुळतात म्हणून कारचा फिल्टर लावण्याचा मोह होतो, पण आतला बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर तुंबला की ऑइल न गाळता पुढे सोडणारा) कुठल्या प्रेशरला उघडतो ते दोन्हींत वेगळं असू शकतं. घर्षण कमी करणाऱ्या बाटल्या, मग त्यात मॉलिब्डेनम असो की टेफ्लॉन, दुकानातच राहू द्या. त्यांनी सुखावतो तो फक्त विकणारा.

पायरी सहावी: नवीन ऑइलची परीक्षा

पहिली परीक्षा क्लचची. ऑइल पूर्ण गरम झाल्यावर, मोकळ्या सुरक्षित जागी टॉप गिअरमध्ये मध्यम आरपीएमवर या आणि थ्रॉटल पूर्ण दाबा. वेग न वाढता आरपीएम उसळला तर क्लच घसरतो आहे. टॉप गिअर अशासाठी की तिथे क्लचवर ताण जास्त वेळ आणि सलग राहतो. ऑइल बदलल्याबरोबर हे सुरू झालं तर संशय ऑइलवर, हळूहळू वाढत गेलं असेल तर प्लेटा आणि स्प्रिंगवर. चुकीचं ऑइल गेलं असेल तर ते काढून एमए२ भरा, थोडं चालवून तेही बदला. बहुतेक वेळा पकड परत येते. प्लेटा जळून काळ्या किंवा गुळगुळीत झाल्या असतील तर मात्र त्या बदलाव्याच लागतात.

दुसरी परीक्षा प्रेशरची. गरम ऑइलवर आरपीएमच्या दोन-तीन टप्प्यांवर प्रेशर लिहून ठेवा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा. मॅन्युअल ज्या तापमानाला आणि आरपीएमला तो आकडा देतं, त्याच परिस्थितीत मोजायला हवं. कारवाल्यांचे "दर हजार आरपीएमला इतकं प्रेशर" असे नियम बाईक इंजिनांना जसेच्या तसे लावू नका. जुन्या काही इंजिनांत क्रँक रोलर बेअरिंगवर असते आणि त्यांचं प्रेशर मुळातच कमी असतं. आयडलला गरम ऑइलवर काटा खाली आलेला बघूनही घाबरू नका. वळणावर, आरपीएम चढलेला असताना काटा क्षणभर जरी पडला, तरी मात्र गाडी तिथेच हळू करा. तो चेंबरचा दोष आहे.

तिसरी परीक्षा पायाला किंवा लिव्हरला कळते. ऑइल दळलं गेलं की गिअर खडखडत, अडकत पडायला लागतात. हे माझ्या अनुभवात कुठल्याही गेजच्या आधी समजतं.

बदलायचं कधी

मॅन्युअलमधलं अंतर बाईकसाठी असतं. मी त्याच्या निम्म्यावर बदलतो, आणि ट्रॅकवर घालवलेला प्रत्येक दिवस हजार किलोमीटर मोजतो. ऑइल एकदा जरी १४० च्या वर गेलं असेल तर किलोमीटर न बघता बदलतो. गाडी वर्षभर झाकून ठेवली असेल तरी बदलायचं, कारण आतला ओलावा आणि आम्ल बेअरिंगवर काम करतच असतं.

काढलेलं ऑइल फेकण्याआधी वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो आहे. इंजेक्शन बदललेल्या किट कारमध्ये हे सर्रास आढळतं, आणि पेट्रोल मिसळलेलं ५० ग्रेडचं ऑइल बघता बघता ४० होतं. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी, मऊ पेस्ट असेल तर ती गिअरची नेहमीची झीज आहे. बोटांत टोचणारे कण किंवा तांब्या-पितळेच्या रंगाची चमक दिसली तर इंजिन चालू न करता फिल्टर कापून उघडा आणि आतल्या घड्या प्रकाशात धरून बघा.

पहिल्या एक-दोन बदलांच्या वेळी प्रयोगशाळेत नमुना पाठवणं परवडत असेल तर जरूर पाठवा. नमुना गरम इंजिनातून, धारेच्या मध्यावर घ्यायचा, पहिली गाळयुक्त धार सोडून. अहवालात आधी १०० अंशांचा दाटपणा बघा. नवीन असताना १८ होता आणि आता १३.५ असेल तर ते ऑइल तुमच्या गिअरबॉक्सला पुरत नाही. पुढच्या वेळी दोन आकड्यांत कमी अंतर असलेला ग्रेड घ्या किंवा लवकर बदला. मग लोह, तांबं, शिसं यांचे आकडे आणि इंधनाचं प्रमाण. सिलिकॉन जास्त दिसलं तर एअर फिल्टर धूळ सोडतो आहे का ते तपासा, फक्त चेंबर नुकतंच सिलिकॉन गॅस्केटने चिकटवलं असेल तर पहिल्या अहवालात ते तसंही वाढलेलं दिसतं.